पालथा पोहरा

गुंडीला सहलीच्या बसमध्ये बसवून ती घरी परतली तेव्हा आठ वाजायला आले होते. सकाळी साडेपाचपासून एका जागी नुसतं उभं राहायला तिला आत्ता कुठे मिळालं होतं. गुंडी म्हणजे तिची साडेचार वर्षांची लेक. जन्मली तेव्हा एवढीशी, गोल आणि टणक होती, म्हणून बापाने तिला पहिल्यांदा हातात घेतल्यावर म्हटलं होतं, "ही तर सदऱ्याची गुंडी!" तेच नाव चिकटलं. खरं नाव फक्त बालवाडीच्या हजेरीत होतं.

बालवाडीची ही पहिलीच सहल. जागा तिनेच सुचवलेली. समोरच्या इमारतीत राहणाऱ्या बालवाडीच्या बाईंनी विचारलं होतं, "तुम्ही गावोगाव फिरता ना? पोरांना न्यायला एखादी छान जागा सांगा." आणि तिने मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, "शेवटच्या वाडीला न्या. मोठं झाड आहे, सावली आहे, विहीर आहे. माझ्या पुस्तिकेत आहे सगळं."

पुस्तिका म्हणजे तिची नोकरी. पालिकेने तिला सहा महिन्यांसाठी घेतलं होतं. शहर आणि भोवतालची नऊ गावं यांचा एक परिचय लिहायचा, लोक किती, शाळा किती, रस्ते कसे, पाणी कुठलं. दिवसा ती स्कूटरवरून गावं पालथी घालायची आणि गुंडीची दुपारची झोप, भात शिजायचा वेळ, नवऱ्याची आंघोळ असल्या फटींमध्ये बसून लिहायची. गुंडीने दोन पानांवर रंगीत खडूने कोंबड्या काढल्या होत्या. ती पानं पुन्हा लिहावी लागली, पण कोंबड्यांची पानं तिने फाडली नाहीत, कपाटात ठेवली.

आज दुपारी बारा वाजता पुस्तिका छापखान्यात जायची होती.

बाहेर सायकलची घंटी वाजली. दूधवाली आली होती. ती बागांकडच्या एका गावातून रोज वीस किलोमीटर सायकल मारत यायची आणि दर सकाळी शहराला एकदा तरी नावं ठेवल्याशिवाय दूध मापायची नाही. आज मात्र ती माप हातात धरून दारातच थबकली. तिचं लक्ष न्हाणीकडे होतं.

"अगं बाई! पाणी बिघडलं का तुमच्याकडे?"

"नाही हो मावशी. का?"

"बादली पालथी दिसली, म्हणून म्हटलं."

"घासून ठेवलीय. निथळायला."

"हां, निथळायला!" दूधवाली हसली. "तुमचं बरंय. बादली उलटी काय नि सुलटी काय, नळ सोडला की झालं. आमच्याकडे पालथी बादली बघितली की पोटात गोळा येतो."

चार महिन्यांच्या सवयीने तिचे कान टवकारले. पुस्तिकेत घालण्यासारखं काहीतरी असेल, एवढंच तिच्या मनात आलं. "असं का हो?"

"बागांवर फवारणी सुरू झाली की औषध झिरपतं खाली. विहिरीत उतरतं. मग विहिरीवरचा पोहरा घासायचा आणि कठड्यावर पालथा घालायचा. पालथा पोहरा दिसला की समजायचं, या पाण्याला तोंड लावायचं नाही. वीस दिवस, महिना, काय लागेल ते. ज्यानं पालथा घातला त्यानंच येऊन सरळ करायचा. दुसऱ्यानं हात नाही लावायचा."

"आणि... कुणी लावला तर?"

"कोण लावेल? डोकं फिरलंय का कुणाचं? रांगणारं पोरसुद्धा नाही लावत आमच्यात." दूधवालीने दूध ओतलं. "पातेलं नीट धरा की. सांडतंय."

दूध सांडत होतं.

सोमवारी ती शेवटच्या वाडीला गेली होती. ऊन मरणाचं. सगळी माणसं बागांमध्ये, घरांना कड्या. विचारायला चिटपाखरू नव्हतं. रस्त्यालगत एका मोठ्या झाडाखाली विहीर, आणि कठड्यावर लख्ख घासलेला पितळी पोहरा पालथा घातलेला. तिला तो फार आवडला होता. लोक किती टापटिपीचे, असं वाटलं होतं. तिने तो सरळ केला, विहिरीत सोडला, पाणी ओढलं, तोंडावर सपासप मारलं, मनगटं भिजवली. प्यायली नव्हती. पिशवीत स्वतःची बाटली होती. मग पोहरा कठड्यावर ठेवला. सरळ.

आणि झाडाला टेकून कागद भरला होता. 'पाणी पिण्यायोग्य आहे काय?' या प्रश्नापुढे होय आणि नाही असे दोन चौकोन होते. होयवर खूण करून तिने खाली स्वतःच्या मनाने एक वाक्यही घातलं होतं: 'विहिरीची निगा ग्रामस्थ उत्तम राखतात.'

तिने बांगड्या वर सारल्या. दोन्ही मनगटांवर सोमवार संध्याकाळपासून लाल पुरळ होतं. भांड्यांच्या साबणाने उठलं असेल म्हणून तिने खोबरेल लावलं होतं.

"मावशी, शेवटच्या वाडीच्या विहिरीवरचा पोहरा कुणी पालथा घातला असेल?"

"तिथली एक बाई आहे, जळणाच्या मोळ्या विकते. विहिरीचं सगळं तीच बघते. का?"

ती फोन आणायला आत धावली. फोन ओट्यावर होता. आणि फोनच्या शेजारी, झाकण घट्ट लावलेली, काठोकाठ भरलेली, वर ससा चिकटवलेली गुंडीची पाण्याची बाटली होती.

डबा दिला होता. टोपी दिली होती. रुमाल फ्रॉकला टाचला होता. बाटली राहिली होती.

बाकीच्या पोरांकडे आपापल्या बाटल्या होत्या, निदान पहिले दोन-तीन तास तरी. वीस पोरांत तहान लागल्यावर विहिरीचं पाणी पिणारं पहिलं पोर कोण, हे आता कुणी सांगायला नको होतं.

बाईंचा फोन लागला नाही. पुन्हा लावला. पुन्हा नाही. लागणार नव्हताच. शेवटच्या वाडीला रेंज नाही, हेही तिनेच लिहिलं होतं. नवरा कारखान्यात पहिल्या पाळीला होता, तिथे फोन फाटकावरच जमा करायचे. तिने पालिकेतल्या साहेबांना लावला.

"साहेब, शेवटच्या वाडीतल्या कुणाचाही नंबर आहे का? फार निकड आहे."

"मला विचारताय? तुमच्याच तक्त्यात लिहिलंय, संपर्काची सोय उपलब्ध नाही." साहेब तोंडात काहीतरी चावत होते. "आणि कुठे आहात? बारा वाजता जायचंय छापायला."

"साहेब, ते थांबवा. चूक झालीय माझी. तिथलं पाणी खराब आहे. मी आज येत नाही."

"अहो, येत नाही म्हणजे? एका विहिरीसाठी सगळं..."

तिने फोन बंद केला. बाटली पिशवीत टाकली आणि स्कूटर काढली. दूधवाली अजून दारातच होती. काय झालंय ते तिला कळलं नव्हतं, पण कुणाचा तरी जीव टांगणीला लागलाय एवढं कळलं होतं. ती म्हणाली, "जा तू. दूध मी झाकून ठेवते. जा!"

शहरातून बाहेर पडायला नेहमी दहा मिनिटं लागत. आज प्रत्येक चौक आडवा आल्यासारखा वाटला. 'शहराची वाढ मुख्य रस्त्याच्या दोन्ही अंगांना झाली आहे,' असं तिने लिहिलं होतं. म्हणजे प्रत्यक्षात फरशांची दुकानं, गिलावा न केलेल्या इमारती, गच्चीगच्चीवर पाण्याच्या काळ्या टाक्या आणि रस्त्यातच माल उतरवणारे ट्रक. एका ट्रकमागे ती अडकली. हॉर्न वाजवत राहिली. ट्रकवाल्याने खिडकीतून डोकं काढलं. "अहो ताई, उडून जाऊ का?" तिच्या तोंडाकडे बघितल्यावर मात्र त्याने मुकाट्याने ट्रक बाजूला घेतला.

मग पदपथ संपला, दिव्यांचे खांब संपले, आणि पहिलं गाव लागलं. 'प्रमुख व्यवसाय वीटभट्टी.' भट्ट्यांचा धूर रस्त्यावर आडवा पसरला होता. तिने डोळे बारीक केले आणि वेग कमी केला नाही. आठ महिन्यांची गुंडी एकदा तापली होती, तेव्हा अशीच निघाली होती ती, पोर पोटाशी बांधून, डॉक्टरकडे. तेव्हा निदान पोर पोटाशी तरी होतं. तिचा श्वास गळ्याला लागत होता. आता पोर पुढे होतं आणि मध्ये सगळी पुस्तिका पसरली होती, पानामागून पान.

गुंडीला तहान लागली की ती सांगत नसे. ओठ चाटायची. ते बाईंना कळेल का? कळू नये. नाही, कळावं. तिला स्वतःलाच समजेना की आपण देवाकडे नेमकं काय मागतोय.

दुसरं गाव कोंबड्यांच्या शेडचं. वास आधी आला, गाव नंतर. त्यापुढे नदी. 'पूल सुस्थितीत, वाहतुकीस योग्य.' पुलाच्या तोंडाशी दगड मांडले होते आणि लाल फडकं बांधलेली काठी घेऊन एक मजूर उभा होता.

"बंद आहे."

"बंद कसा? चालू आहे म्हणून लिहिलंय!"

"कुणी लिहिलंय?"

पूल तिने मागच्या जुन्या पुस्तिकेतून उतरवला होता. त्या आठवड्यात गुंडीला गोवर होता.

"बालवाडीची बस गेली का इथून? पिवळी?"

"आली होती की. पोरं हात हलवत होती. मागे फिरवली त्यांना. भट्टीवरून वळसा घालून गेली. अर्धा तास तरी वाढला त्यांचा."

अर्धा तास! तिला त्या फुटक्या पुलाच्या पाया पडावंसं वाटलं.

"दादा, स्कूटर खालून जाईल?"

"पात्र कोरडं आहे, पण वाळू आहे. बसून नाही जाणार. उतरा. मी ढकलतो मागून." तिच्या चेहऱ्याकडे बघत त्याने काठी दगडात खोचली. "पोर आहे का बसमध्ये?"

"हो."

दोघांनी मिळून स्कूटर उतरवली. चाकं वाळूत रुतत होती, तिच्या चपलेचा पट्टा तुटला, तिने दोन्ही चपला तिथेच सोडल्या. पलीकडे चढ चढून वर आल्यावर तो म्हणाला, "जा आता. आलंच ते."

'आलंच ते' म्हणजे अजून नऊ किलोमीटर. तिने स्वतः मोजले होते.

त्यापुढे बागा होत्या. दोन्ही बाजूंना एकसारख्या ओळींत उभी झाडं, सोमवारी तिला ती किती शांत वाटली होती. आज तिला दिसलं की पानांवर पांढरट डाग आहेत. एका बांधावर पाठीला टाकी बांधलेला माणूस चालला होता, नाकातोंडाला फडकं गुंडाळून. वाऱ्यावर एक कडवट वास होता. सोमवारीही तो होताच. तेव्हा तिने त्याला मातीचा वास म्हटलं होतं, अगदी पुस्तिकेत घालावा इतका आवडून.

वळणावर झाड दिसलं. झाडाखाली पिवळी बस. तिने कान दिला. वीस पोरं जिथे असतात तिथे गलका असतो. इथे काहीच ऐकू येत नव्हतं.

ती जवळ आली आणि तिने पाहिलं. सगळी पोरं झाडाखाली आडवी पडली होती. डोळे मिटलेले. हातपाय पसरलेले. एकही हलत नव्हतं.

स्कूटर तिच्या हातातून सुटून पडली. तिच्या तोंडून जे निघालं ते हाक नव्हती, किंकाळी होती.

सगळी डोकी एकदम वर उठली. बाई झाडामागून पुढे आल्या. "अहो! काय झालं? जमिनीचे आवाज ऐकत होतो आम्ही. खेळ चाललाय. तुम्ही इथे कशा?"

"एक मुंगी बोलली!" एक पोर म्हणालं.

"पाणी," तिला एवढंच बोलता आलं. "पाणी कोण प्यायलं? विहिरीचं?"

"कुणी नाही अजून. बाटल्या आहेत सगळ्यांच्या. फक्त तुमच्या गुंडीची..."

तिने पोरांवरून नजर फिरवली. टोप्या, फ्रॉक, रुमाल. गुंडी त्यांच्यात नव्हती.

"तिला आयाबाई घेऊन गेल्यात, पाणी पाजायला."

विहीर तीस पावलांवर असेल. अनवाणी पायांना खडे लागत होते आणि जाणवत नव्हते. कठडा ओला होता. दोर ओला होता. पोहरा सरळ होता, तिने ठेवला होता तसाच, लख्ख. बालवाडीच्या आयाबाई कठड्याला टेकून बसल्या होत्या, मांडीवर गुंडी, आणि हातातला पेला गुंडीच्या ओठांना लावलेला.

"पी गं माझी राणी. एकच घोट. चिमणीसारखा."

तिने पेला हातानेच उडवला. तो कठड्यावर आपटून विहिरीत गेला. खालून आवाज यायला किती वेळ लागला!

"अगं, वेड लागलं का?" आयाबाई ओरडल्या.

"प्यायली? किती प्यायली? गुंडी, तोंड उघड. आ कर. आ!"

गुंडीने ओठ गच्च मिटले होते, सुईसुद्धा आत जाणार नाही असे. मग आईला ओळखून तिने ते उघडले आणि मोठ्याने भोकाड पसरलं. "माझी बाटली पायजे! सशाची!"

"कसली पितेय!" आयाबाई वैतागून म्हणाल्या. "दहा मिनिटं झाली, एक थेंब तोंडात घेईल तर शपथ. बाटलीच पाहिजे म्हणे. कुणाचे लाड आहेत हे? इतकं हट्टी पोर बघितलं नाही मी."

या हट्टापायी तिने गुंडीला किती वेळा रागावलं होतं. परवाच एक धपाटाही दिला होता, शेजाऱ्यांकडे पेल्यातून सरबत प्यायली नाही म्हणून. आता ती मातीत बसली, पिशवीतून बाटली काढली आणि सशाचं झाकण उघडताना तिची बोटं तीनदा घसरली. गुंडीने दोन्ही हातांनी बाटली धरली आणि हुंदके देत, नाक वाहत, घटाघटा प्यायली. तो आवाज तिने डोळे मिटून ऐकला.

मग आयाबाईंना विचारायचं राहून गेलेलं तिला आठवलं.

"आयाबाई, तुम्ही प्यायलात?"

"प्यायले की. दोन पेले. गार आहे पाणी." आयाबाई थांबल्या. "का गं? अशी का बघतेस?"

तेवढ्यात बांधावरून डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई आली. उंच, काटक, पन्नाशीची. विहिरीपाशी येऊन तिने मोळी खाली टाकली आणि कुणाकडे न बघता थेट पोहऱ्याकडे बघितलं.

"हा कुणी सरळ केला?"

मोळीवालीची नजर ओल्या दोरावरून आयाबाईंच्या ओल्या हातांवर आली. "तू केलास?"

"मी कशाला? सरळच होता. आम्ही आलो तेव्हापासून."

"मी पालथा घातला होता. लेकीकडे गेले चार दिवस, आज सकाळी आले. काल दोन गड्यांना ओकाऱ्या झाल्या. सगळे म्हणाले, ऊन लागलं. पोहरा सरळ बघितला त्यांनी, त्यांना वाटलं मीच येऊन केला." ती सावकाश बोलत होती, आणि ते जास्त भीतिदायक होतं. "कुणी केला?"

वाळूतून ढकलून आणलेली स्कूटर, तुटलेली चप्पल, हे सगळं एका बाजूला. ती गप्प राहिली असती तर कुणाला कधी कळलंही नसतं. गुंडी तिच्या मांडीवर होती, पाणी पिऊन ढेकर देत होती. तिने पोरीला घट्ट धरलं.

"मी. सोमवारी. मला माहीत नव्हतं."

मोळीवालीने तिच्याकडे बघितलं, मनगटांकडे बघितलं. ओरडली नाही. झटकन वळून जवळच्या बागेच्या खोपीत गेली आणि एक रिकामा डबा घेऊन आली. "हे औषध आहे. डॉक्टरला डबाच दाखवा, नाव सांगत बसू नका. बस न्या. आत्ता!"

आयाबाईंचा चेहरा उतरला होता. "मला काही होत नाहीये गं," त्या म्हणाल्या, आणि उठताना कठडा धरून पुन्हा बसल्या. कपाळावर घाम होता. "नाही, थोडं मळमळतंय."

पोरांना बसमध्ये चढवणं म्हणजे मुंग्या वेचणं. बाई मोजत होत्या, चुकत होत्या, पुन्हा मोजत होत्या. शेवटचं पोर चढेपर्यंत आयाबाई खिडकीतून दोनदा ओकल्या. तिने गुंडीला बाईंच्या मांडीवर दिलं, आणि बसमध्ये चढायच्या आधी विहिरीकडे परत गेली. पोहरा उचलला. तो जड होता, सोमवारी इतका जड वाटला नव्हता. तिने त्यातलं पाणी मातीत ओतलं आणि तो मोळीवालीपुढे धरला.

"तू घाल," मोळीवाली म्हणाली.

"मी?"

"तू सरळ केलास. आता पालथा तूच घाल. म्हणजे पुन्हा सरळ करायला तूच येशील. आणि ऐक. सरळ करणाऱ्यानं पहिला घोट घ्यायचा, आणि तासभर इथेच बसायचं. त्यानंतर बाकीच्यांनी प्यायचं."

"असं का?"

"म्हणजे कुणी घाईनं सरळ करत नाही."

तिने पोहरा कठड्यावर पालथा घातला.

आयाबाई चार दिवस रुग्णालयात होत्या. पहिले दोन दिवस तर त्या कुणाला ओळखत नव्हत्या, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. ती रोज जाऊन बसायची. डॉक्टर म्हणाले, डबा आणलात म्हणून बरं. तिसऱ्या दिवशी आयाबाईंनी डोळे उघडले, तिला बघितलं आणि क्षीण आवाजात म्हणाल्या, "तुझ्या पुस्तकात माझंही नाव घाल आता. प्रमुख व्यवसाय, ओकणे." ती हसली आणि तिथेच तिला रडू फुटलं. वाडीतले दोघे गडीही सावरले, त्यातला एक अजून काठी धरून चालतो.

पुस्तिका त्या दिवशी छापायला गेली नाही. साहेबांनी आधी आकाशपाताळ एक केलं, मग रुग्णालयातली हकीकत कानावर गेल्यावर एकदम गप्प झाले. ती नऊच्या नऊ गावांना पुन्हा गेली, या वेळी माणसं भेटेपर्यंत दारात बसून राहिली. पूल बंद, असं लिहिलं. वाडीच्या पानावर होय खोडून नाही केलं आणि पालथ्या पोहऱ्याची रीत सगळ्यात वर, ठळक अक्षरात घातली.

पंचवीस दिवसांनी वाडीच्या पाण्याचा तपासणीचा कागद आला. त्या रविवारी ती गेली. गुंडीला घरी ठेवायचं ठरवलं होतं, पण गुंडी स्कूटरला धरून बसली, सोडेचना.

मोळीवाली विहिरीवर होती. पाच-सहा माणसं झाडाखाली, काठीवाला गडीही.

"कागद काय म्हणतो?"

"पिण्यायोग्य."

"तू काय म्हणतेस?"

कागदावरचे शब्द तिने आधीही लिहिले होते, अगदी हेच. तिने पोहरा सरळ केला, सोडला, ओढला. पाणी स्वच्छ होतं. त्या सोमवारीही स्वच्छच होतं. तिने पेला भरला.

गुंडीने खालून तिचा पदर ओढला आणि सशाची बाटली वर धरली. "आई, माझ्यातलं पी ना. ते नको."

"तुझं तुला, राजा. मला हेच प्यायचंय."

तिने घोट घेतला. गार होता. क्षणभर तोंडातच धरला, जिभेवर कडवटपणा शोधला, सापडतोय की वाटतोय ते कळेना. मग गिळला.

मोळीवालीने मान हलवली आणि झाडाखालची जागा दाखवली. "बस."

ती बसली. सगळे बसले. तिने एक हात पोटावर ठेवला. गुंडी मांडीवर चढली, आईचा हात जरा बाजूला सारून तिथे स्वतःचा छोटासा तळवा ठेवला आणि जमिनीचे आवाज ऐकतात तसा कान लावला.

"काय ऐकू येतंय?" तिने विचारलं.

"थांब की," गुंडी म्हणाली. "बोलू नकोस."